पुढच्या सीटपायी हिमालय

“विशाखा निरभवणे फॉरेनला चालली!” ही बातमी दहावी ‘ब’मध्ये सोमवारी मधल्या सुट्टीत फुटली आणि सुट्टी संपायच्या आत पार आठवी ‘ड’पर्यंत पोचली. संघमित्रा पगारेने तोंडातला पोळीभाजीचा घास चावायचा थांबवला. कारण त्याच फॉरेनला, त्याच तारखेला, त्याच बसने तीही चालली होती. दोघींच्या वडिलांनी एकाच संध्याकाळी गांगुर्डे गुरुजींच्या ओट्यावर बसून यात्रेला नावं दिली होती.

पण विशाखाने आधी सांगितलं. आणि दुसऱ्याने आधी सांगितलं की काय होतं, ते संघमित्राला, म्हणजे मित्राला, त्या दिवशी कळलं. विशाखा ‘चालली’ होती आणि मित्रा ‘तिच्यासोबत’ चालली होती. मुली विशाखाला विचारत होत्या, “विमानानं का गं?” आणि मित्राला विचारत होत्या, “विशाखा विमानानं जाणारे का गं?”

“नेपाळ आहे ते,” मित्रा फणकारली. “बसनं जायचंय. चिवडा घेऊन.”

हे तिने विशाखाचा भाव उतरवायला म्हटलं. त्यात आपलाही उतरतोय हे जरा उशिरा लक्षात आलं. लगेच वर्गात दोन तट पडले. जिथे पासपोर्ट लागत नाही ते कसलं फॉरेन, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट म्हणे, तिथे राजा आहे, नोटा वेगळ्या आहेत, झेंड्याला तर दोन टोकं आहेत, आणखी काय पाहिजे? शेवटी खटला भूगोलाच्या बाईंपुढे गेला. बाईंनी खडू खाली ठेवून निकाल दिला, “परदेशच. गेल्या वर्षीपासून घड्याळसुद्धा आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे त्यांचं.” आणि मग हसून म्हणाल्या, “आल्यावर वर्गाला माहिती सांग हं, विशाखा.”

विशाखा! आंतरशालेय वक्तृत्वाची ढाल शाळेत आणली कोणी? मित्राने. पाहुण्यांचं स्वागत, आभार, श्रद्धांजली, सगळं न अडखळता करतं कोण? मित्रा. आणि परदेशावर बोलणार कोण, तर जी फळ्यावर तारीख लिहितानाही लाजते ती विशाखा! मित्राने त्याच तासाला वहीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहून ठेवलं: ‘नेपाळात एक तरी गोष्ट अशी बघायची, की जी वि. नि. ने बघितलेली नसेल.’

दोघी एकाच बसने जाणार, एकाच धर्मशाळेत उतरणार, एकाच कढईतलं पिठलं खाणार, तर हे जमायचं कसं, एवढा बारीक विचार तिने केला नव्हता. मोठे संकल्प करणाऱ्यांना बारीक विचाराला वेळ नसतो.

कॉलनीत तोवर सल्ल्यांना ऊत आला होता. शेजारच्या चतुराबाई मनमाडच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या, त्यामुळे नेपाळची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच होती. “बर्फाकडे टक लावून बघायचं नाही, डोळे जातात,” त्यांनी बजावलं. “आणि लताबाई, तिकडे कांदा मिळत नाही म्हणतात. मिळाला तरी आपल्यासारखा नसतो.” मित्राच्या आईला, म्हणजे लताबाईंना, हा सल्ला इतका पटला की त्यांनी पिंपळगावच्या भावाकडून अर्धं पोतं कांदा मागवून घेतला. पप्पा, म्हणजे पाटबंधारे कचेरीतले धोंडीराम पगारे, पोत्याकडे बघून म्हणाले, “आपण यात्रेला चाललोय का मार्केटला?” लताबाई म्हणाल्या, “तुम्हाला पिठल्यासोबत लागतो तेव्हा तुम्ही विचारता का, मार्केट कुठं आहे म्हणून?” पप्पांनी पोत्याचं तोंड स्वतः शिवलं.

दिवाळीच्या सुट्टीत, सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, नाशिकच्या द्वारका चौकातून बेचाळीस माणसांची बस निघाली. पुढच्या काचेवर ‘नाशिक ते लुंबिनी’ असा कापडी फलक, टपावर ताडपत्री, खिडकीला पंचशील ध्वज, आणि दारात शिट्टी घेऊन गोरक्ष गांगुर्डे गुरुजी. गुरुजी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शिट्टी निवृत्त झाली नव्हती. दर थांब्यावर ते शिट्टी वाजवत, बोटाने माथी मोजत आणि “बेचाळीस! चला!” म्हणत. हा आकडा बरोबर आला की जगात काही चुकलेलं नाही असं ते मानत.

ड्रायव्हरच्या शेजारची, पुढच्या मोठ्या काचेसमोरची एकटी सीट मित्राने आदल्या दिवशीच हेरून ठेवली होती. ती चढते तो विशाखा तिथे बसलेली. मागे बसलं की तिला उलटी होते म्हणे! झालं. मित्राला चाकावरची सीट मिळाली, जिथे गुडघे हनुवटीला लागतात. तिथून तिला मध्य प्रदेश दिसला तो विशाखाच्या वेणीच्या आजूबाजूने.

आणि कॅमेरा! विशाखाच्या मस्कतच्या मामाने पाठवलेला, चामड्याच्या कव्हरातला, गळ्यात अडकवायचा. तिचे वडील निरभवणे काका बँकेत होते, त्यामुळे रोलही त्यांनी बँकेसारखाच दिला होता. छत्तीस फोटोंचा एकच रोल, तोही काळा-पांढरा. (रंगीत नाही, एवढंच मित्राचं समाधान.) सारनाथला फोटो, गंगेवर फोटो, बुद्धगयेला बोधिवृक्षाखाली फोटो. विशाखा प्रत्येक वेळी म्हणायची, “ये ना मित्रा, तूही थांब.” ‘तूही’! या एका शब्दाने मित्राचा असा तिळपापड व्हायचा की ती फोटोत उभी राहायची खरी, पण कडेला, आणि हसायची नाही. आपण आनंदात नाही हे इतिहासाला कळलं पाहिजे, असं तिला वाटे.

सुनौलीच्या सीमेवर पोत्याने घात केला. कस्टमच्या माणसाने शिवण उसवली आणि विचारलं, “इतना प्याज? बिझनेस?”

“पिठलं,” लताबाई म्हणाल्या.

हा शब्द त्याच्या कुठल्याच छापील तक्त्यात नव्हता. त्याने वरच्याला बोलावलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. गुरुजींनी तिघांना कांदा, यात्रा आणि महाराष्ट्र यांचा संबंध शुद्ध हिंदीत समजावला. दीड तासाने अर्धे कांदे बसमध्ये आणि अर्धे कचेरीत, अशी तडजोड होऊन बेचाळीस माणसं एकदाची परदेशात शिरली. फाटक ओलांडताना पुढच्या काचेसमोर बसलेली विशाखा ओरडली, “मी पहिली!” आणि ते खरंच होतं. बसच्या लांबीनुसार विशाखा परदेशात आधी पोचली आणि मित्रा दीड सेकंद नंतर. चाकावर बसून मित्राने हेही मोजलं.

मुक्काम सीमेजवळच्या भैरहवा गावच्या धर्मशाळेत. कार्यक्रम गुरुजींनी कागदावर काढून भिंतीला चिकटवला होता: पहाटे लुंबिनीला जाऊन वंदना, तिथूनच नऊ वाजता डोंगरातल्या तानसेन गावाकडे, दुपारी तिथल्या टेकडीवरून हिमालय, संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी दुपारी बसचं नेपाळचं परमिट संपत होतं, म्हणजे हिमालयासाठी हा एकच दिवस होता. विशाखाने रोलमधले नऊ फोटो राखून ठेवले होते. “हिमालयासाठी,” ती सगळ्यांना सांगत होती. “एक तुझापण काढीन हं मित्रा.”

तुझा‘पण’. मित्राने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

साडेतीनला उठून थंड पाण्याने आंघोळी झाल्या. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले, बायकांनी पांढऱ्या साड्या, पुरुषांनी पांढरे सदरे, मित्राने पांढरा पंजाबी ड्रेस आणि ओढणी. लुंबिनीत उजाडत होतं. अशोकाचा स्तंभ, त्यामागे मायादेवीचं छोटं मंदिर, पुष्करिणीचं हिरवं पाणी. वंदना सुरू झाली तेव्हा आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पप्पा, जे कधी देवादिकाला हात जोडत नाहीत, ते ताठ हात जोडून उभे होते, आणि मित्राच्या अंगावरही काटा आला. आला तो आलाच. पण तेवढ्यात तिला विशाखा दिसली. डोळे मिटलेली, शांत, गळ्यात कॅमेरा. आणि मित्राच्या मनात आलं, आत्ता, या क्षणी, हिचं लक्ष नाही. पुढची सीट रिकामी आहे.

मनातला मत्सर सोडावा अशी जागा साऱ्या पृथ्वीवर शोधून काढली तर ती हीच निघेल. आणि नेमकं तिथेच मित्राने तो उचलला, ओढणीत गुंडाळला आणि वंदना संपताक्षणी खीरसुद्धा न घेता मागच्या वाटेने बस गाठायला पळत सुटली.

धुळीच्या मैदानात बस उभी होती. टपावर ताडपत्री होती, खिडकीला पंचशील ध्वज होता, आत पांढऱ्या साड्यांतल्या दोन-तीन बायका डुलक्या घेत होत्या, कोणीतरी मराठीत चपलांबद्दल विचारत होतं. मित्रा मागच्या बाजूने आली होती, त्यामुळे पुढचा फलक बघायचा प्रश्न नव्हता. ती चढली, पुढच्या सीटवर बसली आणि ओढणी तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं. झोपलेल्या माणसाला सीटवरून उठवत नाहीत, हा एसटीतला नियम परदेशातही लागू असणार. विशाखा येईल, बघेल, क्षणभर उभी राहील, आणि मुकाट्याने चाकावर जाऊन बसेल. हा देखावा मिटल्या डोळ्यांनी बघता बघता, साडेतीनला उठलेल्या मित्राला खरोखरची झोप लागली.

जाग आली ती बस वळणं घेत चढत होती तेव्हा. पुढच्या काचेत डोंगर होते, खाली नदी होती, आणि मध्ये कुणाचीही वेणी नव्हती. मित्राला इतका आनंद झाला की तिने मागे वळून विशाखाचं तोंड बघायचं ठरवलं.

मागे विशाखा नव्हती. आई नव्हती. पप्पा, गुरुजी, कांदे, काहीच नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतली पंचेचाळीस अनोळखी माणसं तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

“उठली का बाप्पा?” लगेच मागच्या सीटवरची बाई म्हणाली. तिने मित्राचा खाली पडलेला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला होता. “किती झोपतं हे लेकरू! कोनाची गं तू? नागपूरच्या पाहुण्यांची का?”

“मी… मी नाशिकची. पगाऱ्यांची. ही बस कुठली?”

“अकोल्याची,” बाई म्हणाली. तिचं नाव वत्सलाबाई. मग तिने आतल्या अंगाला तोंड करून हाक मारली, “अहो तायडे साहेब! हे पोरगी नासिकची निघाली!”

तायडे साहेब म्हणजे अकोल्याचे गुरुजीच. फक्त शिट्टी नव्हती, वही होती. “शक्यच नाही,” ते म्हणाले. “मी निघताना मोजलं. बरोबर सेहेचाळीस भरले.”

“साहेब, माझ्यासकट भरले असतील,” मित्राने भीत भीत सांगितलं. वक्तृत्वाचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

साहेबांनी वही उघडली, पुन्हा मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “मंग आपलं एक मानूस कमी आहे!”

नावं वाचली गेली. ज्याचं त्याने ‘हो’ म्हटलं. ‘भागीबाई’ या नावाला कोणी हो म्हणेना. सगळ्या बसने वत्सलाबाईंकडे पाहिलं, कारण भागीबाई त्यांच्या सासूबाई होत्या. वत्सलाबाईंनी शांतपणे पानाला चुना लावला.

“मागं झोपल्या असतील वाटलं मले,” त्या म्हणाल्या. “गुडघे दुखतात त्यांचे. जी बस पुढं दिसली तिच्यात बसल्या असतील. नासिकच्याच बसमध्ये असन ना मंग! मराठीच तर आहेत सगळे.”

“आणि त्यांची बस?” तायडे साहेबांनी मित्राला विचारलं. “कुठं जाणार?”

“तानसेनलाच. हिमालय बघायला.”

“मंग काहून रडून राहिली?” वत्सलाबाई म्हणाल्या. “तुमची बस मागून येऊनच राहिली असन. वर गेल्यावर अदलाबदल करू. तू तिकडं, सासूबाई इकडं.” आणि क्षणभर थांबून हळूच म्हणाल्या, “संध्याकाळी केली तरी चालते.”

हे सगळ्यांनाच पटलं. मित्रालाही. आणि मग, डोळे पुसून झाल्यावर, तिच्या ध्यानात हळूहळू एक गोष्ट येऊ लागली. नाशिकची बस मागे आहे. म्हणजे आपण पुढे आहोत. म्हणजे हिमालयात आपण आधी पोचणार! दीड सेकंद नाही, चांगला अर्धा-पाऊण तास!

तानसेन गावातून टेकडीवर पायी चढायचं होतं. झाडीतून पायवाट होती. मित्रा सगळ्यांच्या पुढे धावत गेली, वर पोचली, झाडी संपली, आणि तिचे पाय जागीच थांबले.

ढग असतात तिथे तिने आधी बघितलं. मग नजर वर नेली. आणखी वर. ढगांच्याही वर, आभाळातच, पांढऱ्या डोंगरांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी होती. तायडे साहेब मागून येऊन कुठल्याशा पुस्तकातून नावं वाचू लागले, हा धवलगिरी, ते अन्नपूर्णा, ते माशाच्या शेपटासारखं टोक म्हणजे माछापुच्छ्रे. मित्राला ऐकू येत नव्हतं. चतुराबाईंनी बजावलं होतं तरी ती टक लावून बघत राहिली. तिला ब्रह्मगिरी माहीत होता, चामरलेणी माहीत होती, पण डोंगर हे असंही काही असतं याची कोणी आधी कल्पनाच दिली नव्हती.

पहिला विचार आला तो हा, की विशाखाने हे बघितलेलं नाही!

दुसरा विचार, वर्गापुढचं पहिलं वाक्य. “मैत्रिणींनो, त्या शिखरांकडे पाहताना शब्द मुके होतात…” मुके शब्द पुढे भराभर सुचत गेले. तिने तिथेच उभ्या उभ्या अख्खं भाषण बांधलं. धवलगिरीला एक परिच्छेद, अन्नपूर्णेला एक, शेवटी दोन ओळींचा समारोप.

तिसरा विचार, शेजारी वळून “अगं ते बघ!” म्हणायला कोणीच नाही.

म्हणजे होते. वत्सलाबाई होत्या, त्या हिमालयाकडे बघत निवांत पान खात होत्या. पण जळणारं कोणी नव्हतं. मित्राला नवलच वाटलं. इतके दिवस आपण जळत होतो तर विशाखाची मजा होत होती. आता आपली पाळी आली तर जळायला विशाखाच जागेवर नाही. ती सारखी खालच्या रस्त्याकडे बघू लागली. ‘नाशिक ते लुंबिनी’ आत्ता येईल, मग येईल. एक वाजला. दोन वाजले. नेपाळच्या घड्याळाने बघितलं, आपल्या घड्याळाने बघितलं. वत्सलाबाईंनी दिलेली ठेचा-भाकर तिने तशीच हातात धरून ठेवली.

“आईनं पोलिसात दिलं असेल,” तिने शेवटी म्हटलं, आणि आता मात्र धवलगिरी डोळ्यांपुढे डबडबून गेला.

भैरहव्याच्या चौकात दिवे लागायच्या सुमारास अकोल्याची बस पोचली. नाशिकची बस तिथेच उभी होती. मित्रा खाली उतरली. आईने आधी एक सणसणीत ठेवून दिली, आणि तो हात मागे न घेता त्याच हाताने तिला पोटाशी धरलं. पप्पांना बोलायचं होतं पण दिवसभर हाका मारून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, मोजल्यासारखा.

मग सगळे एकदम बोलू लागले.

“माथी बेचाळीस भरली होती!” गुरुजी शिट्टी हातात धरून सांगत होते. “मी म्हणतो बेचाळीस! भरले! मग पगारे वहिनी म्हणतात, पोरगी दिसत नाही. आणि ह्या आजी दिसतात! तुमची बस कुठली विचारलं, तर म्हणतात, हीच!”

ह्या आजी, म्हणजे भागीबाई, ड्रायव्हरशेजारच्या पुढच्या सीटवर मांडी घालून चिवडा खात होत्या. त्यांना गुडघे दुखू न देणारी सीट आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. “मी नाही उतरत,” त्यांनी सुनेला बघताच जाहीर केलं. “हे लोक कांदा घालून देतात.”

“तीनदा लुंबिनीला जाऊन आलो,” निरभवणे काका म्हणाले. “मग पोलिस चौकी. हवालदार विचारतो, कपडे कोणते? म्हटलं पांढरे. तो आमच्याकडे बघतो. एकेचाळीस माणसं, सगळी पांढऱ्यात! म्हणतो, दुसरी काही खूण?”

“मग म्हणाला, फोटो आणा,” गुरुजींनी पुढे ओढलं. “फोटोशिवाय नोंद नाही. आता फोटो कुठून आणायचा? तेव्हा विशाखा पुढे आली.”

मित्राने विशाखाकडे बघितलं. ती जरा लांब उभी होती. डोळे सुजलेले, गळ्यातल्या कॅमेऱ्याचं कव्हर उघडं लोंबत होतं.

“रोल काढून दिला तिनं,” आई म्हणाली. “अर्धवटच. नऊ फोटो राहिले होते, ते तसेच गेले. बाजारातल्या फोटोवाल्यानं दोन तासांत धुऊन दिला.”

फोटो बसच्या बॉनेटवर मांडले होते. चौकीतून आणलेले, मागे शिक्का मारलेले. मित्राने दिव्याच्या उजेडात वाकून बघितलं आणि तिचे कान तापले. सत्तावीस फोटोंपैकी सतरांत ती होती. सारनाथचा स्तूप आणि कडेला नाक फुगवलेली मित्रा. गंगेची नाव आणि ओठ काढलेली मित्रा. बोधिवृक्षाखाली सगळं जग शांत आणि मित्रा विशाखाच्या मानेकडे अशी बघतेय की जणू कच्ची खाईल.

“हवालदार काय म्हणाला माहितीये?” काका म्हणाले. “ये लडकी हमेशा इतना गुस्सा रहती है क्या? म्हणाला, ही हरवलेली नाही, ही घरात भांडून पळालेली आहे! तासभर तुझ्या आईवडिलांनाच प्रश्न विचारत होता, घरी मारता का, उपाशी ठेवता का.”

“मी म्हणे उपाशी ठेवते!” लताबाई म्हणाल्या. “त्याला चार कांदे दिले तेव्हा गप्प बसला.”

मित्राला जमीन दुभंगायला हवी होती, निदान नेपाळची तरी. सतरा फोटो! इतिहासाला कळायला हवं होतं ते पोलिस चौकीला कळलं, वरून शिक्क्यानिशी.

“आता उद्या दुपारी परमिट संपतंय,” गुरुजी घसा खाकरून म्हणाले. “तेव्हा तानसेन काही होणे नाही. असो. पोरगी सापडली.” त्यांनी ‘असो’ असं म्हटलं, जसं माणूस हिमालय न बघता नाशिकला परत जाताना म्हणतो.

मग विशाखा पुढे आली. तिने मित्राचा हात धरला.

“आणि तुला…” तिने विचारलं. “तू गेली होतीस ना वर? दिसला का गं?”

एकेचाळीस चेहरे मित्राकडे वळले. हीच ती वेळ होती. तिच्याकडे भाषण तयार होतं, प्रस्तावनेपासून समारोपापर्यंत. जी गोष्ट विशाखाने बघितलेली नाही, ती तिच्या जिभेच्या टोकावर उभी होती, आठ हजार मीटर उंच. आणि विशाखा तिच्याकडे बघत होती. त्या सुजलेल्या डोळ्यांत ऐकायच्या आधीच काहीतरी कडेकडेने सरसरत होतं. मित्राने ते ताबडतोब ओळखलं. गेला पंधरवडा ती स्वतः त्याच्यासोबतच राहत होती.

“नाही,” मित्रा म्हणाली. “ढग होते.”

“काय ढग?” भागीबाईंना उतरवायला आलेल्या वत्सलाबाई मागून म्हणाल्या. “अगं पोरी, असा हिमालय काय…”

मित्राने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी मित्राकडे पाहिलं, मग विशाखाकडे, मग बॉनेटवरच्या सतरा फोटोंकडे. आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

“…असा हिमालय काय बाप्पा रोज थोडाच दिसते!” त्या म्हणाल्या. “ढगच ढग. उगी पाय दुखवले.”

नाशिकच्या बसमध्ये एकदम जीव आला. “तरी मी म्हणत होतो!” गुरुजींनी शिट्टी फुंकली. “या दिवसांत ढग असतातच! काही चुकलं नाही आपलं!” निरभवणे काकांनी रुमालाने मान पुसली. कोणीतरी स्टोव्ह पेटवला, कोणी म्हणालं पिठलं टाका, पोरीनं सकाळपासून धड खाल्लं नसेल. सकाळपासून जिला शोधलं, आणि जिच्यावर मनातल्या मनात चिडले, तिला आता सगळे वाटीने वाढू लागले. भागीबाईसुद्धा निघताना तिच्या हातावर चिवडा ठेवून गेल्या.

विशाखाने तिला खांद्याशी धरलं. “खरंच? अजिबात नाही दिसला? शेंडासुद्धा नाही?”

“शेंडासुद्धा नाही.”

“बिचारी! एवढ्या लांब जाऊन!” विशाखाच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं, मोकळं, पोटातून आलेलं. “खरं सांगू? तू एकटीनं बघितला असतास ना, तर मी जन्मभर जळले असते गं. बरं झालं, देवा, बरं झालं!”

“हो ना,” मित्रा म्हणाली आणि तिने तोंड घट्ट मिटलं. भैरहव्याहून नाशिक तीन दिवसांवर होतं. त्या सगळ्या रस्ताभर तिच्या तोंडात एक अख्खा धवलगिरी होता, आणि काही केल्या तो विरघळत नव्हता.